गार इंजिनाची टिकटिक

बाबांची गाडी २००३ ची, पेट्रोलची. आठवडाभर सकाळी सुरू केली की टिकटिक, रेस वाढवली की तीही वाढायची. एका गॅरेजमध्ये थेट इंजिन खोलायला सांगितलं. रात्री झोप लागली नाही. बाबा गेल्यापासून ही गाडी म्हणजे घरातलं माणूस.

काल कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. बॉनेटला हात लावण्याआधी त्यांनी एकच विचारलं, "गरम झाल्यावर आवाज जातो काय?" जातो म्हटलं. "मग आता काय ऐकू? गाडी हितंच राहू दे. उद्या सकाळी सातला या, गार इंजिन पायजे."

आज सातला पोचलो. आधी ऑइल बघितलं, बरोबर होतं. फॅन बेल्ट काढून इंजिन मिनिटभर चालवलं; टिकटिक तशीच, म्हणजे त्या बेल्टवर फिरणारा, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर नाही, वॉटर पंपही नाही. मग लांब स्क्रू ड्रायव्हर टॅपेट कव्हरवर (टॅपेट म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे भाग) टेकवून मूठ कानाला लावली. "टॅपेट चांगले हाईत." शेवटी रबरी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांतला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या, कडेनं हळूहळू फिरवत नेलं. तिसऱ्या सिलिंडरपाशी थांबले आणि नळी माझ्या हातात दिली. फट्-फट्-फट्, अगदी स्पष्ट! तिथं काजळीचा काळा डागही होता. गॅस्केट, म्हणजे सांध्यातून धूर गळू न देणारी पातळ पट्टी, गेलेलं. धातू तापून फुगला की फट मिटते, म्हणून आवाज दहा मिनिटांत नाहीसा व्हायचा.

इंजिन शाबूत आहे हे ऐकून डोळे भरून आले. आईला तिथूनच फोन केला.