दगडी, रिपोर्ट आणि एक बंद केलेला सड

आमच्या फलटण भागात गाईला दगडी, म्हणजे कासेचा दाह, झाली की वाट ठरलेली असते. आज एक इंजेक्शन, उतार नाही पडला तर परवा त्याहून ‘भारी’. आमच्या दुसऱ्या वेताच्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाईचं तेच झालं. मागचा उजवा सड घट्ट, दुधात गुठळ्या. आधी सेफ्ट्रायॅक्झोन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन, मग सडात औषधाच्या ट्यूबा. थोडे दिवस दूध साफ दिसायचं, की पुन्हा गुठळ्या.

मग दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी आधी औषधच थांबवलं. “ताई, ताप नाही, गाय वैरण खातेय. जरा कळ काढा. औषध अंगात असताना जंतू प्रयोगशाळेतल्या प्लेटवर नीट वाढत नाहीत, रिपोर्ट कोरा येतो.” बाकीचे तीन सड त्यांनी गोठ्यातच सीएमटीने, म्हणजे दगडी ओळखायच्या झटपट चाचणीने, आजारी सडासोबत पाहिले. पॅडलच्या, म्हणजे चार खणांच्या ताटलीच्या, खणात थोडं दूध, तेवढंच जांभळं औषध, आणि गोल फिरवायचं. आजारी सडाचं मिश्रण शेंबडासारखं चिकट झालं, बाकीचं पातळच राहिलं. तेवढाच दिलासा.

नमुना घेण्यातच खरी मेख आहे. सड धुवून कोरडा करायचा, टोक स्पिरिटच्या बोळ्याने बोळा स्वच्छ निघेपर्यंत पुसायचं, पहिल्या धारा टाकून द्यायच्या. डबी तिरपी धरायची, म्हणजे कासेवरची घाण आत पडत नाही. मेडिकलमध्ये लघवी तपासायला निर्जंतुक डबी मिळते, तीच चालते. बर्फात घालून ती शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पोचवली.

रिपोर्टात जंतू निघाला स्टॅफिलोकॉकस ऑरियस. पुढे औषधांची यादी, प्रत्येकासमोर एस (औषध लागू पडतं) नाहीतर आर (जंतू दाद देत नाही). पेनिसिलीन आर, ॲमॉक्सिसिलिन आर, ऑक्सिटेट्रासायक्लिन आर. सिफॉक्सिटिनसमोरही आर होता. हे औषध तर गाईला कधी दिलंच नव्हतं! डॉक्टर म्हणाले, प्लेटवर त्या औषधाची चकती फक्त खूण म्हणून ठेवतात. तिला हा जंतू दाद देत नसेल, तर पेनिसिलीनच्या घराण्यातली बहुतेक औषधं फुकट, सेफ्ट्रायॅक्झोनसुद्धा. म्हणजे एवढे दिवस आम्ही पैसे कुठे ओतत होतो ते कळलं. माझ्या मते रिपोर्टाचा मोठा उपयोग हाच, काय विकत घ्यायचं नाही ते कळतं.

एन्रोफ्लॉक्सॅसिन एस होतं. ते पूर्ण दिलं, तरी तो सड काही सुधारला नाही. हा जंतू कासेच्या आत बारीक गाठी करून बसतो, तिथे औषध धड पोचत नाही. प्लेटवर मरतो आणि कासेत जगतो, हे पचवायला मला जड गेलं. सासूबाईंनी कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप लावला. तो राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळही सुचवतं, त्यामुळे डॉक्टरांनी मोडता घातला नाही. सूज उतरली, गुठळ्या राहिल्या. शेवटी तो सड कायमचा बंद केला.

औषध चालू असताना आणि नंतर डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत चारही सडांचं दूध ओतलं. संकलन केंद्रावर घातलं नाही, वासरालाही पाजलं नाही. उकळून जंतू मरतात, पण बरीचशी औषधं उकळूनही दुधात राहतात. घरात यावरून वाद झालाच. एवढं दूध शेणखड्ड्यात जाताना कुणाला बघवतं?

बाकीच्या गाई वाचवणं जास्त महत्त्वाचं होतं. हा जंतू धार काढणाऱ्याच्या हातावरून आणि मशीनच्या रबरातून पसरतो. म्हणून आता या गाईची धार सगळ्यात शेवटी, हातमोजे घालून. प्रत्येक गाईला वेगळं फडकं, धारेनंतर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवायचे, आणि लगेच वैरण टाकायची, म्हणजे सडाचं भोक मिटेपर्यंत गाय खाली बसत नाही.

ती आता गाभण आहे. व्यायच्या आधी दूध आटवताना उरलेल्या तीन सडांत ट्यूब सोडायची की नाही, आणि सोडायची तर कोणती, यासाठी पुढच्या आठवड्यात पुन्हा नमुना द्यायचा आहे. तिन्हींच्या तीन वेगळ्या डब्या, डब्यांवर सडाचं नाव लिहून.