टीव्हीवरचा पूर 2019 चा होता: माझ्या तक्रारीचा अनुभव

जुलै 2024 चा शेवटचा आठवडा. आयर्विन पुलाजवळ कृष्णा 40 फुटांच्या आसपास होती. सांगलीत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, 40 ला इशारा, 45 ला धोका. हरभट रोडवर माझ्या दुकानापुढे तेव्हा फक्त पावसाचा चिखल होता.

संध्याकाळी पुण्याहून बहिणीचा फोन आला. रडत होती. "दादा, आईला घेऊन आधी मिरजेला जा. दुकान बुडालंय, टीव्हीवर दाखवतायत." मी दुकानातच उभा होतो. टीव्ही लावला, तर खरंच माझं दुकान. शटर अर्धं पाण्यात, वर निळी पाटी आणि खाली 'ताजी दृश्यं'. ती निळी पाटी 2019 च्या महापुरात गेली, तेव्हा आयर्विनला पाणी 57 फुटांवर होतं. आता माझी पाटी लाल आहे.

घरी पोचेपर्यंत आईनं कागदपत्रं पिशवीत भरली होती. शेजारच्या काकू गुडघे दुखत असताना गव्हाची पोती माडीवर चढवत होत्या. ज्यांनी 2019 भोगलंय त्यांना असलं चित्र दाखवणं म्हणजे काय, हे त्या रात्री मी घरातच पाहिलं. आई पहाटेपर्यंत झोपली नाही.

तक्रार करायची एवढं ठरलं, पण कुणाकडे? मी आधी ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, लिहायला बसलो. चौकशी केल्यावर कळलं की ट्राय चॅनेलचे दर आणि सेवेचा दर्जा बघते, काय दाखवलं हे तिच्याकडे येत नाही. प्रेस कौन्सिल वर्तमानपत्रांसाठी. जिल्हाधिकाऱ्यांना केबल कायद्याखाली अधिकार आहेत, पण ही दिल्ली-मुंबईहून चालणारी उपग्रह वाहिनी. सगळ्या माध्यमांवर लक्ष ठेवणारं एकच कार्यालय आपल्याकडे नाही, हे मला पन्नाशीत पहिल्यांदा समजलं.

वाट दाखवली एका वकील मित्रानं. केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायदा 1995 चा. जून 2021 मध्ये त्याच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि तक्रारीच्या तीन पायऱ्या ठरल्या. पहिली पायरी वाहिनी स्वतः, दुसरी वाहिन्यांची स्वनियमन संस्था, म्हणजे वाहिन्यांनीच मिळून स्वतःवर लक्ष ठेवायला केलेली, तिसरी केंद्र सरकार. पहिली सोडून थेट वर जाता येत नाही. मला हे आधी पटलं नाही. ज्यानं चूक केली त्यालाच विचारायचं? आता वाटतं, बरं आहे. लेखी उत्तर द्यायची पाळी त्यांच्यावर येते आणि ते उत्तर पुढे आपल्या कामाला येतं.

तक्रार अर्ध्या पानाची केली. वाहिनीचं नाव, तारीख, वेळ, कार्यक्रम, पट्टीवरचे शब्द जसेच्या तसे. सोबत बहिणीनं मोबाइलवर घेतलेलं चित्रण, 2019 मधला निळ्या पाटीचा फोटो आणि त्याच संध्याकाळी काढलेला लाल पाटीचा. मनातला राग बराच होता, तो मित्रानं खोडून टाकायला लावला. "तारीख आणि वेळ, एवढंच बोलू दे," म्हणाला. घाई मात्र केली, कारण काही संस्थांच्या नियमांत प्रसारणापासून 7 दिवसांत तक्रार वाहिनीकडे गेलेली असावी लागते.

नियमानं पोच 24 तासांत द्यायची असते, ती आली. निर्णय 15 दिवसांत कळवायचा, तो चौदाव्या दिवशी आला: दृश्यं 'प्रातिनिधिक' होती. प्रातिनिधिक! मग 'ताजी' कशाला लिहिलंत, याबद्दल एक अक्षर नव्हतं.

मधेच एक गोष्ट घडली. 12 ऑगस्टला माहिती व प्रसारण मंत्रालयानं खासगी वाहिन्यांना सूचना काढली, की नैसर्गिक आपत्ती आणि मोठ्या अपघातांच्या दृश्यांवर तारीख आणि वेळ ठळक दाखवा. जुनी दृश्यं पुन्हा पुन्हा दाखवल्यानं लोक गोंधळतात, घाबरतात, असं त्यात कारण दिलं होतं. मी ती दोनदा वाचली. आमच्या घरातलीच रात्र कुणीतरी दिल्लीत लिहून काढल्यासारखी वाटली. ही सूचना आमच्या प्रसारणानंतरची, त्यामुळे ती मोडली असं म्हणता येत नव्हतं. पण अर्धसत्य दाखवू नये हे केबल कायद्याच्या नियमांतल्या कार्यक्रम संहितेत, नियम 6 मध्ये, आधीपासूनच आहे. अपिलात मी तेच धरलं.

वाहिनीचा निर्णय मान्य नसेल तर 15 दिवसांत अपील करता येतं. पण ती वाहिनी कोणत्या संस्थेची सदस्य आहे हे शोधण्यातच माझे तीन दिवस गेले. अपील निकाली काढायला संस्थेला 60 दिवस असतात. ऑक्टोबरमध्ये पत्र आलं: दृश्यं जुनी असल्याचं न सांगणं चूक होतं, वाहिनीनं दुरुस्ती दाखवावी, यूट्यूबवरून चित्रफीत काढावी. दुरुस्ती दाखवली गेली. आईला आधी सांगून ठेवलं होतं, ती वेळेवर टीव्हीपुढे बसली होती.

तीच फीत कापून इतर लोकांनी समाजमाध्यमावर टाकली होती, त्याची वाट वेगळी. तिथं 2021 चे माहिती तंत्रज्ञान नियम लागू होतात. मी प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याकडे गेलो, त्यांनी 'नियमभंग दिसत नाही' असं कळवलं. अशा नकारावर 30 दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. ही समिती 2023 पासून आहे आणि सगळं पोर्टलवर होतं, कुठं जावं लागत नाही. मी अपील भरायला घेतलं, तोवर टाकणाऱ्यानंच फीत काढली.

उरलं व्हॉट्सॲप. तिथं ही फीत घरोघरच्या गटांत फिरते, आणि तक्रार अधिकारी तिथंही असला, तरी घरोघर पोचलेली फीत तक्रारीनं मागे घेता येत नाही. म्हणून आता पाणी वाढलं की मी सकाळ-संध्याकाळ आयर्विनवर जातो, फूटपट्टीचा फोटो काढतो आणि तारीख-वेळ लिहून आमच्या गटात टाकतो. बहीण पुण्यात तो बघते आणि मगच आईला फोन करते.