आयएसएसएन खरा, जर्नल खोटं

"सर, निबंध छापून आला, पण स्कोपसमध्ये दिसत नाहीये. जरा बघता का?" संशोधक मॅडमच्या हातात सगळे कागद होते: स्वीकृतीपत्र, शुल्काची पावती, पीडीएफची प्रत. ग्रंथालयात अशी विचारणा नेहमीचीच. स्कोपस म्हणजे जगभरच्या जर्नलांची आणि त्यांतल्या निबंधांची नोंद ठेवणारा डेटाबेस; छापलेला निबंध तिथे चढायला कधीकधी महिने लागतात, तेवढं सांगून मोकळं व्हावं असा विचार होता.

जर्नलचं नाव टाकलं, सापडलं. आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा आठ आकडी ओळख क्रमांक, जुळला. त्याचा शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून गणिताने निघतो, तोही बरोबर. पण विषय वाचला आणि थबकलो. स्कोपसच्या नोंदीत हे जर्नल वनस्पतिशास्त्राचं, मॅडमचा निबंध बँकांच्या थकीत कर्जांवर! वेबसाइटवर त्याच अंकात शेजारी काँक्रीटची ताकद आणि परिचारिकांवरचा ताण. डीओआयवर, म्हणजे निबंधाच्या कायमस्वरूपी ओळख-लिंकवर, क्लिक केलं तर तो कुठेच उघडेना; असे डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफमध्येही नोंद नाही. वेबसाइटचं डोमेन (इंटरनेटवरचं नाव) गेल्या वर्षी घेतलेलं, आणि अंकावर मात्र दिमाखात 'खंड ५४'.

याला हायजॅक केलेलं जर्नल म्हणतात. फक्त कागदावर निघणारं, स्वतःची धड वेबसाइट नसलेलं एखादं जुनं जर्नल हेरायचं, त्याचं नाव आणि आयएसएसएन उचलून नकली साइट थाटायची आणि लेखकांकडून पैसे घ्यायचे. आकडा चोरलेला असतो, रचलेला नसतो. मग तो चुकणार कसा? मागे घेतलेल्या निबंधांवर नजर ठेवणारी रिट्रॅक्शन वॉच ही साइट २०२२पासून अशा जर्नलांची यादी ठेवते. तिच्यात हे नाव नव्हतं, पण यादी चोरांच्या मागूनच धावणार.

आता खुद्द स्कोपसचं. नकली साइटवरचे निबंध तिथेही शिरल्याचं उघड झालं आहे. जर्नलांच्या पानांवरच्या काही लिंकसुद्धा नकली साइटकडे नेत होत्या; शेवटी २०२३च्या डिसेंबरात सगळ्याच जर्नलांच्या साइटच्या लिंक स्कोपसवरून काढून टाकल्या गेल्या. तरीही निवड समित्या नाव आणि नंबर जुळला की टिकमार्क करतात. माझ्या मते ही तपासणी नव्हेच. अंक उघडून दोन निबंधांची शीर्षकं वाचायला कितीसा वेळ लागतो?

मूळ जर्नलच्या संपादकांचा पत्ता आयएसएसएन पोर्टलवरून माग काढत मिळवला आणि ईमेल केला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: हा निबंध आमच्याकडे कधी आलाच नाही, आणि अशी विचारणा करणारे तुम्ही पहिले नाही.

मॅडम बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आता दुसरीकडे पाठवता येईल ना?" खरी अडचण तिथेच होती. दुसरीकडे पाठवण्याआधी निबंध तिथून मागे घ्यायचं म्हटल्यावर नकली साइटने आणखी शुल्क मागितलं होतं. पैसे देऊ नका म्हणालो. संपादकांचं उत्तर, पावती आणि तारखा जोडून आम्ही विभागप्रमुखांना पत्र लिहिलं, प्रकाशनांच्या यादीतून ती नोंद खोडली, आणि नव्या जर्नलला पाठवताना सोबतच्या पत्रात घडलेलं सगळं स्पष्ट लिहिलं.