मापाचा ब्लाउज बँकॉकला

बॅग भरताना मी मापाचा ब्लाउज घेतला, तेव्हा नवरा म्हणाला, "तिकडे शिंपी गाठणार आहेस का?" मागच्या खेपेला तो बरोबर नव्हता, म्हणून त्याला हसू आलं. तेव्हा मी प्रातुनामहून 'फ्री साइझ'चे चार टॉप आणले होते. त्यातले तीन भाचीला गेले. तिथलं फ्री साइझ तिथल्या बायकांच्या चणीचं. माझे दंड त्यात शिरेनात.

प्रातुनाम म्हणजे बँकॉकमधला कपड्यांचा होलसेल भाग. बायोक टॉवरच्या आसपासच्या गल्ल्या नि जवळच एसीवाला प्लॅटिनम फॅशन मॉल. रस्त्यावर गाड्या हलत नाहीत, म्हणून आम्ही सेनसेप कालव्यातल्या बोटीने गेलो. प्रातुनामच्या धक्क्यावर उतरायचं आणि चालत सुटायचं.

मी गेले त्या बहुतेक गाळ्यांत कपडा घालून बघू देत नव्हते. मग काय, टॉप टेबलावर पसरायचा, वर ब्लाउज ठेवायचा. काखेपासून काखेपर्यंत दोन बोटं जास्त भरलं तर पुढे बोलायचं, नाहीतर घडी घालून परत. पहिली दुकानदारीण बुचकळ्यात पडली. दुसरीने हसत हसत स्वतःच टेप काढून दिली.

भाव दोन असतात: सुट्या नगाचा वेगळा आणि तीन नगांपासून पुढचा होलसेलचा वेगळा. तीन वेगवेगळे चालतील का, ते आधी विचारावं. काहींना एकाच डिझाइनचे हवे असतात. मला 200 बाथचा टॉप तिनाच्या हिशेबात 150 ला पडला. बाथला अडीच रुपये धरले तर पावणेचारशे. बोलणं सगळं कॅल्क्युलेटरवर. तुळशीबागेच्या सवयीने मी एकदा थेट निम्मा आकडा दाबला, तर बाईने कॅल्क्युलेटर उचलून ड्रॉवरमध्ये ठेवला! त्यानंतर मी आधी हसून "लोत दाय माय खा?" विचारायला लागले. म्हणजे कमी होईल का. दहा-वीस बाथ सुटायचे, तेवढ्यावर थांबायचं.

चाटुचाकला सुती पँट्स बघायच्या होत्या, पण तो मोठा बाजार भरतो शनिवार-रविवारी आणि आमचं परतीचं विमान शुक्रवारचं. राहिलंच.

नवऱ्याने मात्र "एक्सएल म्हणजे एक्सएल" म्हणत एक फुलाफुलांचा शर्ट घेतला. हॉटेलवर पोटावरची दोन बटणं लागेनात. तोही आता भाचीकडेच आहे, जीन्सवर घालते.