परदेशातून एमएससी फायनान्स करून मुंबईत नोकरी शोधताना

यूकेतलं एक वर्षाचं एमएससी फायनान्स साधारण सप्टेंबरात संपतं. डिझर्टेशन जमा करून, पदवीदान उरकून, घरी येऊन चार दिवस आराम करून अर्ज करायला बसलं की जानेवारी उजाडतो. म्हणून अर्ज जूनपासून, तिथूनच सुरू करा. मुंबईत नोकरी बदलणाऱ्या माणसाला बहुतेक ठिकाणी 60 ते 90 दिवसांचा नोटीस पीरियड भरावा लागतो. तुम्हाला तो नाही, आणि टीममध्ये माणूस कमी पडलेल्या मॅनेजरला ही गोष्ट विद्यापीठाच्या नावापेक्षा जास्त उपयोगाची वाटते. कोणत्या तारखेला रुजू होऊ शकता, ते ईमेलच्या पहिल्या दोन ओळींतच लिहा.

इक्विटी रिसर्च किंवा इन्व्हेस्टमेंट बँकिंगच्या मुलाखतीत अनेकदा एखादी लिस्टेड कंपनी आणि कोरी एक्सेल शीट हातात देतात. तिथे एक चूक वारंवार होते: कॅश फ्लो रुपयांत आणि डिस्काउंट रेट (पुढे येणारे पैसे आजच्या किमतीत आणायचा दर) डॉलरचा. आकडे घालून बघा. कंपनीवर कर्ज नाही, बीटा 1 (म्हणजे शेअर बाजाराइतकाच चढतो-उतरतो), पुढच्या वर्षीचा फ्री कॅश फ्लो (सगळा खर्च आणि गुंतवणूक जाऊन उरणारी रोकड) 100 कोटी, वाढ कायमची 5 टक्के, रिस्क प्रीमियम (शेअरच्या जोखमीसाठी रोख्याच्या दरावर जास्तीचा परतावा) 5.5 टक्के. मूल्य म्हणजे कॅश फ्लो भागिले डिस्काउंट रेट वजा वाढ. अमेरिकी रोख्यांचा 4.25 टक्के दर धरला तर डिस्काउंट रेट 9.75 होतो आणि मूल्य येतं 2,105 कोटी. भारत सरकारच्या 10 वर्षांच्या रोख्याचा दर, समजा 6.75 टक्के, धरला तर डिस्काउंट रेट 12.25 आणि मूल्य 1,379 कोटी. अडीच टक्क्यांच्या फरकाने एक तृतीयांश किंमत गेली. रुपयातल्या कॅश फ्लोमध्ये रुपयाची महागाई आलेली असते, मग दरातही तीच यायला हवी. एवढं एक वाक्य मुलाखतीत नीट सांगता आलं, तरी समोरच्याला कळतं की तुम्ही पुस्तकातलं मॉडेल उचलून आणलेलं नाही.

एककांची सवयही मोडावी लागते. 100 कोटी म्हणजे एक बिलियन, एक लाख कोटी म्हणजे एक ट्रिलियन, आणि क्यू1 एफवाय26 (आर्थिक वर्ष 2025-26 ची पहिली तिमाही) म्हणजे एप्रिल ते जून 2025. परदेशी डेटाबेसमधून जानेवारी-डिसेंबरचे आकडे उचलून मार्चअखेरच्या आकड्यांशेजारी ठेवले की वाढीचे टक्के चुकतात, आणि शीट लाल एरर दाखवत नाही.

दहा कंपन्या वरवर वाचण्यापेक्षा एकच नीट करा. पाच वर्षांचे वार्षिक अहवाल आणि मागच्या आठ तिमाहींच्या कॉनकॉलचे (निकालानंतर कंपनी विश्लेषकांशी फोनवर बोलते त्याचे) ट्रान्सक्रिप्ट घ्या, सगळं फुकट मिळतं. स्टँडअलोन (फक्त त्या कंपनीचे) आणि कन्सॉलिडेटेड (उपकंपन्या धरून) आकडे वेगळे ठेवा. रिलेटेड पार्टीची नोट (मालकांशी संबंधित व्यक्ती-कंपन्यांबरोबरचे व्यवहार) आणि प्रमोटरचे, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांचे, तारण ठेवलेले शेअर आवर्जून बघा. परदेशातल्या वर्गात यावर क्वचितच वेळ जातो, इथे मात्र प्रश्न त्यावरच येतात.

आयएफआरएस (आंतरराष्ट्रीय हिशेब मानकं) शिकलात ते वाया जात नाही, पण इंड-एएस (त्यावर बेतलेली भारतीय मानकं) हुबेहूब तेच नाही. इन्व्हेस्टमेंट प्रॉपर्टी (भाड्यासाठी किंवा किंमतवाढीसाठी घेतलेली मालमत्ता) ताळेबंदात फेअर व्हॅल्यूने, म्हणजे आजच्या बाजारभावाने, दाखवायची मुभा इथे नाही, फक्त कॉस्ट मॉडेल, म्हणजे खरेदी किमतीवरून. त्याहून मोठी खोच म्हणजे बँका. रिझर्व्ह बँकेने 2019 मध्ये बँकांसाठी इंड-एएस पुढे ढकललं, तर मोठ्या एनबीएफसी (बँक नसलेल्या वित्त कंपन्या) मात्र इंड-एएसवर आहेत. त्यामुळे बँक आणि एनबीएफसी यांच्या बुडीत कर्जाच्या तरतुदी थेट शेजारी ठेवून तुलना करू नका.

रिसर्चमध्ये जायचं असेल तर एनआयएसएम या सेबीच्या संस्थेची सिरीज 15 (रिसर्च अ‍ॅनालिस्ट) परीक्षा परत येण्याच्या सुमारास देऊन टाका. पास व्हायला 60 टक्के लागतात, चुकीच्या उत्तराला गुण कापतात. सीएफएची (गुंतवणूक विश्लेषकांची आंतरराष्ट्रीय परीक्षा) पहिली लेव्हल पास असेल तर छाननीत नाव वर येतं, पण ती मॉडेलची जागा घेत नाही.

पगार ठरवताना सीटीसीचा (कंपनीला तुमच्यावर होणाऱ्या एकूण वार्षिक खर्चाचा) आकडा ऐकून हो म्हणू नका. त्यात कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि मिळेलच असं नाही असं व्हेरिएबल (कामगिरीवर अवलंबून रक्कम) धरलेलं असतं. हातात दरमहा किती, ते एचआरकडून लेखी घ्या आणि शैक्षणिक कर्जाच्या हप्त्याशेजारी ठेवा. 30 लाखांचं कर्ज 10.5 टक्क्यांनी 10 वर्षांसाठी म्हणजे हप्ता सुमारे 40,500. सुरुवातीलाच सगळी रक्कम उचलून 18 महिन्यांचं सरळ व्याज मुदलात मिसळू दिलं तर तोच 46,900 च्या आसपास जातो. घरच्यांना शक्य असेल तर शिकत असतानाच नुसतं व्याज भरत राहणं सगळ्यात स्वस्त.

आणि तिथलं विद्यार्थी बँक खातं. एक-दोन वर्षं बाहेर राहून आलेल्याला आरएनओआर दर्जा (निवासी, पण ‘सामान्य निवासी’ नाही असा आयकरातला दर्जा) सहसा मिळत नाही. त्यासाठी मागच्या 10 पैकी 9 वर्षं अनिवासी, किंवा 7 वर्षांत भारतातला मुक्काम जास्तीत जास्त 729 दिवस, असं काहीतरी बसावं लागतं. तुम्ही पूर्ण निवासी ठरलात की ते खातं आयकर विवरणपत्रातल्या शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात) दाखवावं लागतं, शिल्लक 40 पौंड असली तरी, आणि त्यामुळे आयटीआर-1 हा साधा फॉर्म चालत नाही. हे शेड्यूल जानेवारी ते डिसेंबरचं असतं. त्या काळात खातं बंद केलं तरी नोंद येते. खातं उघडल्याची तारीख, वर्षातली सर्वांत जास्त शिल्लक, मिळालेलं व्याज, सगळं भरायचं असतं. म्हणून बंद करण्याआधी पहिल्या दिवसापासूनची स्टेटमेंट उतरवून घ्या. खात्याबरोबर लॉगिनही जातं.