बैठकीला न येणाऱ्या पालकांचा विचार आधी

जिल्हा परिषदेच्या शाळेत एखाद्या पालकाची व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षपदी निवड झाली की हार-नारळ होतो, भिंतीवरच्या फलकावर नाव लागतं. पुढे जे प्रशिक्षण मिळतं त्यात कलमं, अधिकार, कर्तव्यं असतात. चाळीस घरांशी बोलायचं कसं, रागावलेल्या आईचं ऐकून घ्यायचं कसं, मुख्याध्यापकांसमोर मुद्दा मांडायचा कसा, हे मात्र ज्याचं त्याने शिकायचं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या महिला असाव्या लागतात आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात, अध्यक्ष पालकांमधूनच निवडतात. शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ही कामं कायद्याने दिलेली आहेत. पण अध्यक्षाच्या हातात ना कुणाचा पगार, ना कुणाची बदली. त्याच्या शब्दाला वजन येतं ते मागे पालक उभे आहेत म्हणून. आणि बहुतेक पालक बैठकीला येत नाहीत. त्यामुळे माझं ठाम मत आहे की सूचना, बैठक, ठराव, सगळं काही त्या दिवशी न आलेल्या पालकाला डोळ्यांसमोर ठेवून आखायला हवं.

सुरुवात सूचनेपासून. नेहमीची सूचना अशी असते: ‘शाळा व्यवस्थापन समितीची मासिक सभा आयोजित करण्यात आली आहे, तरी सर्वांनी उपस्थित राहावे.’ यात कशासाठी आणि किती वेळ, या दोन्हींचा पत्ता नाही. रोजंदारीवर जाणारी बाई असल्या निरोपासाठी अर्ध्या दिवसाची मजुरी सोडणार नाही, आणि तिने सोडूही नये. तीच सूचना अशी देता येते: ‘शनिवारी संध्याकाळी ७ वाजता, शाळेच्या वऱ्हांड्यात, पाऊण तास. पिण्याच्या पाण्याची टाकी फुटली आहे, नवी कुठल्या पैशातून घ्यायची ते ठरवायचं आहे. यायला जमणार नसेल तर शुक्रवारपर्यंत तुमचं म्हणणं सांगा.’ खाली कुणाला सांगायचं त्यांचं नाव आणि नंबर. शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं, कारण न येणाऱ्यालाही त्यात जागा ठेवलेली आहे. सूचना पाच दिवस आधी एकदा आणि आदल्या संध्याकाळी एकदा द्यावी. रोज आठवण केली की लोक वाचणंच सोडतात.

सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली म्हणजे पोहोचली, असं धरून चालणं ही सर्रास होणारी चूक. ग्रुपमध्ये नंबर असतो वडिलांचा, फोन असतो त्यांच्याबरोबर शेतात किंवा कामावर, आणि मुलाचं दप्तर, डबा, आजारपण बघते आई. तिच्यापर्यंत जाणारे रस्ते वेगळे आहेत. बचत गटाची बैठक, माता पालक गट, अंगणवाडीताई, आशाताई, पिठाची गिरणी. प्रत्येक वस्तीवर निरोप पोहोचवायला एक माणूस ठरवून घ्यावा; तो समितीचा सदस्यच हवा असं नाही. ज्यांना वाचणं जड जातं त्यांच्यासाठी एका मिनिटाच्या आतला आवाजी निरोप पाठवावा. मेळघाटात कोरकू, नंदुरबारकडे भिली किंवा पावरी, जी घरची बोली असेल तिच्यातच तो बोलून घ्यावा. बोलणारी व्यक्ती त्या वस्तीतली असली की लोक पूर्ण ऐकतात.

पोहोचलं की नाही हे तपासायची पद्धत सोपी आहे. दुसऱ्या दिवशी सर्वांत लांबच्या वस्तीवरच्या तीन घरी फोन करायचा आणि विचारायचं, ‘शनिवारी काय आहे?’ तिघांपैकी दोघांना सांगता आलं नाही तर निरोप चुकला असं समजून तो पुन्हा द्यायचा. पालकांना दोष द्यायचा नाही.

ग्रुपबद्दल थोडं आणखी. एकच ग्रुप असला तर सुप्रभातच्या फुलांखाली सूचना गाडली जाते. म्हणून दोन ग्रुप ठेवावेत. एकात फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असं सेटिंग करून केवळ सूचना टाकाव्यात, दुसरा बोलण्यासाठी मोकळा असावा. पहिल्याच दिवशी नियम सांगून टाकावेत: तक्रारीत कुठल्याही मुलाचं नाव नाही, गुणपत्रकाचा फोटो नाही, रात्री ९ नंतर मेसेज नाहीत. बैठकीची वेळ ठरवायला पोल उपयोगी पडतो. पैशाच्या किंवा एखाद्या शिक्षकाच्या विषयावर पोल घेऊ नये, कारण कुणी काय मत दिलं ते सहसा सगळ्यांना दिसतं आणि लोक गावाकडे बघून बोट लावतात.

ग्रुपवर भडका उडाला तर तिथे वाद घालू नका. लेखी शब्दांत सूर दिसत नाही, आणि स्क्रीनशॉट दहा मिनिटांत गावभर फिरतो. एकच ओळ लिहावी: ‘मुद्दा कळला. उद्या बाईंशी बोलून संध्याकाळपर्यंत इथेच सांगते.’ मग ज्याने लिहिलं त्याला फोन करावा. आणि संध्याकाळी खरोखर सांगावं, उत्तर मिळालेलं नसलं तरी ‘आज बाई तालुक्याला होत्या, परवा भेटते’ एवढं तरी. हा शेवटचा भाग राहून जातो आणि अध्यक्षावरचा विश्वास नेमका तिथेच उडतो.

तक्रार ऐकण्याचं कौशल्य शिकायला शाळेतल्या पोषण आहारासारखा दुसरा चांगला विषय नाही, कारण त्याबद्दलच्या तक्रारी सगळीकडे असतात आणि बहुतेक मोघम असतात. ‘खिचडी चांगली नसते’ असं कुणी म्हणालं की आधी पूर्ण ऐकून घ्यायचं. मग विचारायचं: कुठल्या दिवशी? कच्ची होती, पातळ होती, की कमी पडली? मुलाने स्वतः सांगितलं की दुसऱ्याकडून कळलं? आणखी कुणाच्या मुलाने असंच सांगितलं का? ‘कमी देतात’ हे उत्तर आलं तर ते मोजता येतं. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं असं प्रमाण आहे. सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. म्हणजे पाचवीपर्यंतच्या शाळेत ६० मुलं हजर असतील तर त्या दिवशी ६ किलो तांदूळ शिजायला हवा. मुख्याध्यापकांबरोबर बसून हजेरी आणि आहाराची नोंदवही शेजारी-शेजारी ठेवून बघता येते. शिजवणाऱ्या ताईंवर सगळ्यांसमोर आवाज चढवू नये. डाळ, तेल किती आलं, केव्हा आलं हे त्यांनाच नीट ठाऊक असतं, आणि एकदा दुखावल्या की त्या काही सांगणार नाहीत.

आता बैठक. मान्यवरांना खुर्च्या आणि पालकांना सतरंजी असली की निम्मी बैठक बसण्याआधीच संपते. सगळे सतरंजीवर किंवा सगळे खुर्च्यांवर, आणि गोल. विषय तीनच्या वर नकोत. पहिली पाच मिनिटं मागच्या बैठकीत ठरलेल्या गोष्टींचं काय झालं यासाठी. काही झालं नसेल तर तसंच सांगावं. ‘कुणाची काही हरकत नाही ना?’ हा प्रश्न तर विचारूच नये. त्यावर कुणी बोलत नाही आणि त्या गप्प बसण्यालाच संमती समजलं जातं. त्याऐवजी ‘शाळा सकाळची केली तर कुणाच्या घरी अडचण येईल?’ असं विचारलं की लोक आपल्या घरातलं सांगू लागतात. प्रश्न विचारून मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबायचं. बहुतेक अध्यक्ष तीनच्या आत स्वतःच उत्तर देऊन टाकतात.

गावातलं वजनदार माणूस आधी बोललं की बाकीचे मान हलवतात. त्यांचा मान ठेवूनही हे टाळता येतं: ‘दादा, तुमचं शेवटी ऐकायचं आहे, आधी मंडळींचं होऊ द्या.’ महिला सदस्यांना आधी दोन मिनिटं आपापसांत बोलू द्यावं आणि मग त्यांच्यातल्या एकीला सगळ्यांचं म्हणणं सांगायला लावावं. एकटीने उभं राहून बोलण्यापेक्षा ‘आमचं असं म्हणणं आहे’ हे सोपं जातं.

ठरावाच्या शब्दांकडे नीट लक्ष द्या. ‘पाण्याच्या समस्येवर चर्चा झाली’ हा ठराव नव्हे. काय करायचं, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत, किती रुपयांत आणि कुठल्या निधीतून, या पाच गोष्टी आल्या पाहिजेत. शिवाय सूचक आणि अनुमोदक. सही करण्याआधी इतिवृत्त मोठ्याने वाचून घ्यावं, आणि लिहिणाऱ्याला सोडून दुसऱ्या कुणी वाचावं. कोऱ्या पानावर सही कधीच करू नये. रजिस्टर घरी पाठवून ‘फक्त इथे सही करा’ म्हणण्याची रीत बऱ्याच ठिकाणी आहे, आणि तिचा भार बहुतेक वेळा महिला सदस्यांवर पडतो. तिथे अध्यक्षानेच ठाम राहायला हवं.

पैशाबद्दल जितकं कमी सांगाल तितका संशय वाढतो. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतल्या संयुक्त शाळा अनुदानाचे निकष पटावर, म्हणजे शाळेत नाव असलेल्या मुलांच्या संख्येवर ठरतात: ३० पर्यंत १० हजार रुपये, त्यापुढे १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १००० पर्यंत ७५ हजार आणि त्यावर १ लाख. त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेसाठी असतो. शाळेच्या दर्शनी फलकावर तीन ओळी पुरतात: किती आले, कशावर किती गेले, किती उरले. ज्याला बैठकीला येता आलं नाही तोही मुलाला सोडायला आल्यावर वाचतो.

मुख्याध्यापकांशी बोलताना एक पथ्य पाळा: भर बैठकीत त्यांना धक्का देऊ नका. दोन दिवस आधी, तासिका नसताना पंधरा मिनिटं भेटा, विषय सांगा, त्यांची बाजू ऐका. त्यांच्या हातात काय आहे आणि काय नाही याची फोड तिथेच होते. वेळापत्रक, स्वच्छता, आहाराची वेळ त्यांच्या हातात आहे. शिक्षकांची रिक्त पदं, बदल्या, निवडणुकीची कामं नाहीत. जे त्यांच्या हातात नाही त्यासाठी समितीचा लेखी अर्ज त्यांच्याच उपयोगाचा असतो, हे सांगितलं की सूर बदलतो. अर्ज एका विषयाचा, एका पानाचा, दोन प्रतींत. आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायची. ‘शिक्षक कमी आहेत, मुलांचं नुकसान होत आहे’ असं लिहिण्याऐवजी ‘पहिली ते पाचवीचा पट ७२ आहे, शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे ६१ ते ९० पटाला तीन शिक्षक हवेत, सध्या दोन आहेत’ असं लिहावं. दाद मागायची ती क्रमाने: केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, मग शिक्षणाधिकारी प्राथमिक. पहिली पायरी सोडून थेट जिल्ह्याला गेलात तर कागद फिरून खालीच येतो, आणि मधल्या माणसांची नाराजी पदरी पडते ती वेगळीच.

एक विषय मात्र ना ग्रुपवर, ना बैठकीत. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची शंकासुद्धा आली तर समितीने ‘आधी आपण खात्री करून घेऊ’ म्हणून चौकशी करत बसू नये. पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. मुलाचं नाव, वर्ग, घर, काहीही कुणाजवळ उच्चारायचं नाही.

बीड, अहिल्यानगरच्या बऱ्याच गावांत दसऱ्यानंतर ऊसतोडीला निम्मं गाव जातं, समितीचे सदस्यही जातात. त्यामुळे नवरात्राच्या आधीची बैठक चुकवू नये. त्या बैठकीत प्रत्येक घराची नोंद करून घ्यावी: कुठल्या कारखान्याला जाणार, मूल बरोबर नेणार की हंगामी वसतिगृहात, की आजीकडे ठेवणार, आणि संपर्काचे दोन नंबर. हंगाम संपेपर्यंत त्या मुलाची पालक आजी असते, तेव्हा सूचना तिच्या दारापर्यंत गेली पाहिजे आणि बैठकीत तिला बोलता आलं पाहिजे. आई-वडिलांना महिन्यातून एक फोन करावा. तोडीला भल्या पहाटे जावं लागतं आणि गाडी भरायची वेळ ठरलेली नसते, म्हणून कधी फोन करायचा ते निघण्याआधी त्यांनाच विचारून ठेवावं. मुलाची हजेरी, तब्येत आणि अभ्यासातली एखादी चांगली गोष्ट, एवढं दोन मिनिटांत सांगून होतं. कोपीवर, म्हणजे तोडीच्या ठिकाणच्या झोपडीवर, रेंज नसेल तर मुकादमाच्या, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्याच्या, फोनवर निरोप ठेवता येतो, पण तो ‘शाळेत फोन करा’ एवढाच. मुलाबद्दलचं काहीही त्याच्याकडे सांगायचं नाही.