तीन महिने, असं मी म्हणाले

शुक्रवार, 12 डिसेंबर 2025. रात्रीचे सव्वादहा.

आज दवाखान्यात खोटं बोलले. सिस्टर कार्ड भरत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "ताई, फोलिकची गोळी कधीपासून चालू आहे?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तीन महिने झाले." त्यांनी निळ्या शाईत लिहिलं, '3 महिने'. मग वजन, उंची, रक्तगट. मागच्या खेपेच्या रकान्यापाशी त्या जरा थांबल्या, जुनी फाइल उघडली आणि बघून स्वतःच भरलं. मला विचारलं नाही. त्याबद्दल त्यांचे उपकार.

खरं म्हणजे आज माझी पंधरावी गोळी. 28 नोव्हेंबरला सुरू केली. आत्ताच पाकीट हातात घेऊन रिकाम्या खोबण्या मोजल्या, चौदा आहेत. आजची अजून घ्यायची आहे.

कार्ड आत मॅडमकडे गेलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, "छान, गोळी नियमित चालू आहे, असंच पाहिजे." मी हसले. खोटं बोलल्याचं एवढं वाईट वाटलं नव्हतं, ते 'छान' ऐकून वाटलं. दुपारपासून तेच कानात आहे. रिक्षात होतं, आंघोळीला पाणी काढताना होतं, आत्ताही आहे.

सगळं नीट दिसलं, हे आधी लिहायला हवं होतं. नऊ आठवडे एक दिवस. ठोके दिसले. भिंतीवर ती पाटी आहे, 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही', मागच्या वेळी मी तिच्याकडेच बघत राहिले होते, कारण पडद्याकडे बघवत नव्हतं. आज पडद्याकडे बघितलं. भाताच्या शितात काहीतरी लुकलुकावं, तसं. घरी येऊन आत्यांना सांगितलं तर त्यांनी देवापुढे साखर ठेवली.

मग एवढं सगळं नीट असताना त्या दोन शब्दांनी माझी झोप का उडवावी?

मला माहीत नसतं तर गोष्ट वेगळी. पण मला माहीत आहे. मागच्या वेळी मीच सगळं वाचून काढलं होतं. गोळी 400 मायक्रोग्रॅमची, दिवस राहण्याच्या आधीपासून घ्यायची आणि पहिले तीन महिने तरी चुकवायची नाही. कारण बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीतून तयार होतो, ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण अठ्ठावीस दिवसांत मिटते. पाळीच्या तारखेपासून मोजलं तर सहावा आठवडा. तोवर पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचंही धड कळलेलं नसतं.

आज कॅलेंडर काढून बसले. पाळी 9 ऑक्टोबर. म्हणजे गर्भ भाऊबीजेच्या आसपास राहिला. त्यात अठ्ठावीस दिवस मिळवले की येतो 20 नोव्हेंबर. आणि मी घरी चाचणी केली ती 20 नोव्हेंबरलाच, पहाटे, कोणी उठायच्या आत. दोन रेघा आल्या त्या दिवशी ते काम झालेलं होतं. मी इतके दिवस स्वतःला दोष देत होते तो नंतरच्या आठ दिवसांचा, की कळूनही आठवडाभर गोळीला हात लावला नाही. पण हिशेबाने पाहिलं तर ज्या दिवसांना किंमत होती ते त्याच्या आधीचे. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. पाकीट कपाटात होतं. साड्यांच्या घडीखाली. मॅडमनी तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं, गोळी बंद करू नका.

ऑगस्टबद्दल इथे लिहिणार नाही.

फक्त एवढंच लिहिते, की त्या वेळी मी एकही गोळी चुकवली नव्हती. पपई नाही, अननस नाही, तीळ नाहीत, गच्चीचा जिना नाही. मॅडम म्हणाल्या होत्या, सुरुवातीच्या आठवड्यांत असं होतं तेव्हा निम्म्याच्या आसपास वेळा कारण गुणसूत्रांत असतं, तुम्ही काय खाल्लं न् काय उचललं याचा त्याच्याशी संबंध नसतो. डोक्याला पटलं होतं. पण घरी आल्यावर ते पाकीट बघितलं की वाटायचं, तू तरी काय केलंस? गोळीवर राग काढला मी.

ह्यांना यातलं काही माहीत नाही. आमचं दोघांचं त्यानंतर... असो.

रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन 10.2 आलंय. गरोदरपणात 11 च्या खाली गेलं की ते कमीच धरतात. मॅडमनी कार्डाकडे बघितलं, रिपोर्टकडे बघितलं, म्हणाल्या, "तीन महिने गोळी घेताय, तरी एवढं कमी? बी-12 पण तपासून घेऊ, तुमच्याकडे शाकाहारी ना सगळे?" म्हणजे माझं ते खोटं आता त्यांच्या विचारात जाऊन बसलं. फोलिक पोटात असूनही रक्त कमी का, असा त्यांनी अंदाज बांधला, आणि फोलिक तर पोटात नव्हतंच. बी-12 ची तपासणी करायची म्हणून वाईट वाटत नाही, ती माझी व्हायलाच हवी होती. पण डॉक्टर माझ्या बाळासाठी विचार करताहेत आणि त्यांच्या हातात कागद चुकीचा आहे. हे मला सहन होत नाहीये.

लोहाची गोळी मळमळ जरा ओसरली की सुरू करू म्हणाल्या. तोवर पालेभाजीवर, डाळीवर लिंबू पिळायचं, आणि चहा जेवणापासून तासभर लांब ठेवायचा, कारण चहाने जेवणातलं लोह अंगी लागत नाही. मी तर भाकरीबरोबरच चहा घेत होते, दुसरं काही उतरतच नव्हतं म्हणून.

सकाळचं तेवढं बरं चाललंय. मॅडम म्हणाल्या होत्या, उठायच्या आधी काहीतरी कोरडं खा, मगच पाय खाली टाका. आत्यांनी दुसऱ्या दिवसापासून उशाशी डबा ठेवला, कडक भाकरीचे तुकडे घालून. सोलापुरात राहून बिस्किटं कशाला, म्हणाल्या. पहाटे अंधारात हात घालायचा, तुकडा मोडायचा. कडकन आवाज होतो, पांढरा भुगा उशीवर पडतो. तोंडात धरून ठेवला की हळूहळू ज्वारीची गोडी सुटते. पोटात कालवत असतं ते तेवढ्याने बसतं. दहा मिनिटं तशीच पडून राहते. दिवसातली माझी सगळ्यात चांगली दहा मिनिटं ती.

संध्याकाळी मात्र फार रडू आलं. खोलीचं दार लावून बसले होते. फोडणीचा वास आला की कोरड्या उलट्या सुरू होतात, लसूण तर नावही नको. शेंगाचटणी म्हणजे माझा जीव, लग्नाआधी माहेरी नुसत्या भाकरीशी खायचे मी, आणि आता उखळाचा आवाज आला तरी पोट ढवळतं. नववा आठवडा म्हणजे मळमळीचा बहर, चौदा-सोळा आठवड्यांपर्यंत बहुतेकींची जाते, हेही मला पाठ आहे. पाठ असून काय उपयोग, भोगायचं एकटीनेच. बसल्या बसल्या वाटायला लागलं की या घरात कोणाला माझी पर्वा नाही, सगळे आपापलं गरम गरम जेवताहेत, नि मी इथे मऊभात नि मीठ घेऊन.

खिडकी उघडली वाऱ्यासाठी. परसात जाऊबाई दिसल्या. जुनी शेगडी बाहेर मांडली होती त्यांनी, पदर डोक्यावरून घेतला होता, थंडी आहे ना आता, आणि एका हातात फोडणीची पळी, दुसऱ्या हाताने आमटीचं पातेलं. चर्र झालं, लगेच वर झाकण ठेवलं आणि वारा कुठला आहे ते बघून त्या माझ्या खिडकीपासून लांब सरकल्या. किती दिवस करताहेत असं, मला माहीत नव्हतं. कोणी सांगितलंही नव्हतं.

त्यांना हाक मारणार होते. मारली नाही. नुसती उभी राहिले.

नंतर त्यांनीच ताट आणलं. मऊभात, तूप, बाजूला शिजवलेल्या मटकीची उसळ, बिनफोडणीची, आणि लिंबाची फोड. "दोन जिवांची आहेस, दोघांचं खा" असं त्यांचं रोजचं. मॅडम म्हणतात, पहिले तीन महिने जास्तीचं खायची गरज नसते, चौथ्यापासून साडेतीनशे कॅलरी वाढवा, आत्ता जे टिकेल ते थोडं थोडं खा. पण जाऊबाईंना मी हे सांगत नाही. त्या कच्ची मोडाची मटकी मला देत नाहीत, भाज्या दोन पाण्यांतून धुतात, दूध पुन्हा उकळून देतात. जंतूंची भीती खरी आहे आणि त्या ती माझ्या वतीने सांभाळतात.

उसळ खाताना एक मनात आलं. शेंगदाणे, हरभरा, मूग, चवळी, मेथी, या सगळ्यांत फोलेट असतंच. ऑगस्ट ते नोव्हेंबर मी उपाशी नव्हते. शेंगाचटणी रोज होती ताटात, दिवाळीपर्यंत तरी. जेवणातून पुरतं असं नाही, पुरलं असतं तर गोळी कशाला दिली असती. आणि गोळी धोका कमी करते, ती न घेतलेल्या बहुतेकींची बाळंही चांगलीच असतात, हेही खरं आहे. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकाच वेळी मनात ठेवायचं अवघड जातं. 2 जानेवारीला बारा आठवड्यांची सोनोग्राफी आहे, पुढे पाचव्या महिन्यात मोठी, त्यात मणका नीट बघतात. तोवर थांबायचंच आहे.

पण ते '3 महिने' का म्हणाले, हे आता थोडं कळतंय. मला रागवतील अशी भीती नव्हती, त्या रागवत नाहीत. मला वाटलं, निदान एका कागदावर तरी हे बाळ पहिल्यापासून हवं होतं असं लिहिलेलं असावं. ते हवंच होतं. हवं होतं म्हणूनच तर ते पाकीट बघवत नव्हतं मला. पण असलं काही लिहायला कार्डावर रकाना नाही, तिथे गोळी कधीपासून एवढंच विचारतात.

मघाशी आत्या दूध घेऊन आल्या तेव्हा त्यांना सांगून टाकलं. कपाटातलं पाकीट, साड्या, सगळं. त्या पलंगावर बसल्या. काही बोलल्या नाहीत बराच वेळ. मग म्हणाल्या, "डॉक्टरांना सांग. उद्या मी येते बरोबर." आणि जाताना डब्यात बघितलं, तुकडे आहेत का.

उद्या शनिवार, दवाखाना दुपारपर्यंत असतो. कार्ड माझ्यापाशीच आहे. सिस्टरच्या अक्षरावर खाडाखोड नको वाटली, म्हणून वहीचा कागद फाडून त्यावर लिहिलं आणि टाचणीने कार्डाला लावला. 'गोळी 28 नोव्हेंबरपासून चालू. त्याआधी ऑगस्टपासून घेतलेली नाही. आज मी चुकीचं सांगितलं होतं.'

पंधरावी घेतली.